रस्त्याकडचं वावर

सोयाबीन कापणीला आलं आणि त्याच आठवड्यात पावसाला आमचा राळेगाव तालुका आवडला. दुसरीकडे जायचं नावच घेईना. सकाळी उघडीप दिल्यासारखं करायचा, बायाबापड्या विळे घासून वावराच्या वाटेला लागायच्या, आणि अर्ध्या वाटेत पुन्हा झोडपून काढायचा. चार दिवस लोकांनी शिव्या दिल्या. मग शिव्याही बंद झाल्या. गाव नुसतं ओट्यावर बसून पावसाकडे बघत राहिलं.

जैबुनबीनं एक दिवस डोक्यावर पोतं घेतलं आणि वावरात जाऊन आली. येताना दोन झाडं उपटून आणली. तिचा नवरा जलाल दारात बसला होता. तिनं एक शेंग अंगठ्यानं दाबून फोडली. आत दाणा नव्हता, पांढरा कोंब होता, वळवळल्यासारखा वाकलेला. दुसरी फोडली, तिच्यातही तेच.

"सारंच असं?" जलालनं विचारलं.

"वरच्या अंगाचं असं. खालच्या अंगाचं पान्यातच झोपलं."

जलालनं तोंड फिरवलं. जैबुनबी झाडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपल्याला रडू यायला पाहिजे असं तिला वाटलं, पण आलं नाही. हात बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळं आतून झालं होतं. तिनं झाडं उकिरड्यावर टाकली आणि चूल पेटवायला बसली.

गावात मुसलमानांची चार घरं. त्यातलं जलालचं घर गादीवाल्याचं. त्याच्या बापानं गावोगाव फिरून लोकांच्या गाद्या पिंजल्या, भरल्या, शिवल्या आणि त्या पैशातून रस्त्याला लागून हे तीन एकर घेतलं. जलालही उन्हाळ्या-हिवाळ्यात गाद्या भरायचा, पावसाळ्यात ते काम बंद. मग घर चालायचं ते सोयाबीनवर आणि त्यानंतर पेरलेल्या हरभऱ्यावर. सोयाबीन विकून हरभऱ्याचं बी, खत, ट्रॅक्टर. दरसालचा हा रिवाज. यंदा सोयाबीनच नव्हतं.

रात्री शाहिदचा फोन आला. शाहिद त्यांचा एकुलता एक, राळेगावात एका गॅरेजवर ट्रॅक्टरचं काम करायचा, बायकोपोरांसह तिथंच भाड्यानं राहायचा.

"अम्मी, सुन. वावराले हात लावू नोका. जसं हाय तसंच राहू द्या. सरकारचे लोक पंचनाम्याले येतीन, डोळ्यानं नुकसान पायतीन, फोटो काढतीन, तवाच अनुदान भेटते. समजलं ना?"

"समजलं."

"अनुदान आलं त आपन हरबरा पेरू. नाई आलं त तांड्यावरचे बाबूसिंगकाका वावर मागून राह्यले, त्याईले मक्त्यानं देऊन टाकू. माह्याकडे यंदा काईच नाई, अम्मी. पोराच्या दवाखान्यात गेलं सारं."

जलाल बाजूलाच होता. त्यानं फोन हातात घेतला. "माह्या बापानं वावर मक्त्यानं देल्लं नाई. म्याही नाई देल्लं."

"म्हनून त म्हन्तो अब्बा, हात लावू नोका."

एवढी साधी गोष्ट. पंचनामा झाला तर वावर हातात राहणार, नाही तर मक्त्यानं, म्हणजे ठरीव पैशावर, वर्षभर दुसऱ्याच्या हातात जाणार. आणि गादीवाल्याच्या घरात एकदा मक्त्यानं गेलेलं वावर परत येईल याची खात्री जलालला नव्हती. एक साल दिलं की दुसरं साल द्यावं लागतं, हे त्यानं गावात पाहिलं होतं.

पाऊस थांबला. मग ऊन पडलं आणि ते पावसापेक्षा वाईट. शिवारभर सडलेल्या शेंगांचा आंबूस वास उठला. सगळ्या गावानं वावरं तशीच ठेवली होती. ऐन कापणीच्या दिवसांत एकही विळा चालत नव्हता. मजुरीचं काम नाही, घरचं काम नाही. जैबुनबीला बसून राहायची सवय नव्हती. तिनं घर सारवलं, गोधड्या धुतल्या, डबे घासले, घासलेले डबे पुन्हा घासले. मग ओट्यावर बसायची आणि तळहात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघायची.

तिच्या स्वच्छतेचं गावात बोलणं होतं. तिचं वावर म्हणजे सारवलेलं अंगण, असं लोक म्हणायचे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवताची काडी दिसायची नाही. ही खोड सासूची. सासू लग्नाच्या पहिल्याच साली म्हणाली होती, "आपली घरं चार. सायब आला, मास्तर आला, नर्सबाई आली, त आधी आपल्याच घराकडे पाहाते. नाव ठेवाले जागा ठेवाची नाई." सासू गेली, पण हे बोल जैबुनबीच्या हाडात बसले होते. पोलिओच्या डोसाला बाई येणार म्हटलं तरी ती अंगण दोनदा झाडायची.

एका संध्याकाळी कोतवाल शाम सायकलवरून ओरडत गेला, "उद्या आपल्या शिवारात पंचनामा हाय होऽ! आपापल्या वावरात हजर राहा! तलाठी सायेब अन् कृषीच्या मॅडम येनार हायेत!"

दिवस मावळायच्या आत जैबुनबी वावरात गेली. शेजारच्या वावराची तानाबाई तिथंच होती. तानाबाई विधवा, दोन एकराची मालकीण, जैबुनबीची लग्नापासूनची सोबतीण. दोघी रस्त्यावर उभ्या राहिल्या. जैबुनबीचं वावर रस्त्यापासून नाल्याकडे उतरतं. वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेनं, काळी पडलेली झाडं एकमेकांच्या अंगावर पडली होती. मधून मधून तण वर आलं होतं. कोणी तरी बिस्किटाचे कागद टाकले होते, कुत्र्यानं एक कोपरा तुडवून घाण केली होती. खालच्या अंगाला पाणी ओसरलं होतं आणि झोपलेल्या सोयाबीनवर हिरवंगार गवत चढलं होतं.

"किती गबाळं दिसून राह्यलं व, ताना."

"दिसू दे ना व माय. तेच त पाह्याले येऊन राह्यले ते."

"पन रस्त्यावरूनच असं. पाय ठेवाले जागा नाई. कुठी उभे राह्यतीन ते?"

"तू उगी राय. हात नोको लावू. माह्यं त याच्याहून गबाळं हाय, राहू दे म्हन्लं."

"हाव," जैबुनबी म्हणाली.

पण ती रात्रभर कूस बदलत होती. तिला शाहिदचं बोलणं कळलं नव्हतं असं नाही. पंचनाम्यासाठी पीक दाखवायचं, हे तिला माहीत होतं. तिचा हिशोब वेगळा होता. पीक दाखवायला खालचं अख्खं अंग पडलंच आहे. साहेबलोक जिथं उभे राहतील तेवढी रस्त्याकडची पट्टी तरी मनुष्याच्या वावरासारखी दिसावी. नाही तर म्हणतील, यांनी पेरून सोडून दिलं, कष्ट केलेच नाहीत.

उजाडायच्या आधीच ती विळा घेऊन वावरात होती.

पहिली मूठ कापली आणि तिला बरं वाटलं. किती तरी दिवसांनी हाताला काम सापडलं. झाडं ओली, बुडाशी बुळबुळीत, विळा सरकायचा. शेंगा बोटांत फुटायच्या आणि आतला चिकट लगदा मनगटापर्यंत यायचा. पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतायचे, उपसून पुढे टाकावे लागायचे. वास नाकात भरत होता. तिनं पदर नाकावर बांधला. रस्त्याच्या कडेची कुत्र्याची घाण काढायची, एवढंच करायचं होतं. ती काढली. मग शेजारची पात, झाडांची ओळ, वाकडी दिसायला लागली. ती सरळ केली. मग अर्धी पात ठेवून कसं चालेल म्हणून पुढची घेतली. कंबर भरून आली, ती थांबली नाही. विचार करायची सवय त्या दिवसांत तिची गेलीच होती, हात तेवढे जिवंत होते आणि त्यांनी आपलं काम केलं. ऊन पाठीवर आलं तेव्हा रस्त्याकडचा काळा पट्टा सारा मोकळा झाला होता; रस्त्यावरून पाहिलं तर अर्धं वावर रिकामं वाटत होतं.

कापलेल्याचा ढीग लागला होता आणि तो सडका ढीग साहेबांच्या नाकाखाली कसा ठेवायचा? नाल्याला अजून भरपूर पाणी होतं. तिनं ओझी बांधून डोक्यावर नेली आणि नाल्यात सोडली. काळं पाणी तिच्या मानेवरून पाठीत ओघळत होतं. शेवटचं ओझं वाहून गेलं तेव्हा तिनं नाल्यातच हातपाय धुतले.

जलाल आला तो धुतलेला सदरा आणि टोपी घालून, हातात चहाचा थर्मास आणि चार कप. रस्त्यावर उभं राहून त्यानं वावराकडे पाहिलं. धुऱ्यावरचं गवतही तिनं छाटलं होतं.

"चांगलं केलं," तो म्हणाला. "आता कसं मानसासारखं दिसून राह्यलं."

दोघंही मूर्ख होते म्हणा हवं तर. पण आयुष्यभर ज्यांनी पाहुण्यासाठी घर आवरलं, त्यांना पाहुण्यासाठी घर पसरून ठेवायला सांगितलं तर त्यांनी ते शिकावं तरी कुठं?

पंचनाम्याची गाडी दुपारी आली. गाडीतून तलाठी उतरले, घामेजलेले, सकाळपासून शिवारं तुडवून वैतागलेले. त्यांच्यासोबत कृषी सहायक ऋचा मॅडम, तरुण मुलगी, पायात गमबूट, हातात मोबाईल. मागून शाम. आधी बाबूसिंगचं वावर झालं. तांड्यावरचा बाबूसिंग सडलेलं झाड हातात धरून उभा राहिला, मॅडमनी फोटो घेतला. मग तानाबाईनं तसंच झाड धरलं, तिचाही फोटो झाला.

मग गाडी पुढे सरकली आणि जलाल "सलाम सायेब" म्हणत पुढे आला.

तलाठ्यांनी वावराकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. "हेच का तुमचं?"

"हाव सायेब."

"पीक कुठंय?"

जलालच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. हा प्रश्न विचारला जाईल, हे जैबुनबीला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

"खाली हाय सायेब," ती पुढे होऊन म्हणाली. "नाल्याकडे. हे इथलं तेवढं म्या कापलं. तुमी येनार म्हनून."

"आम्ही येणार म्हणून कापलं?"

"उभं राहाले जागा नव्हती, सायेब."

तलाठी हसले. वाईट हसले असं नाही, थकलेला माणूस हसतो तसं. "आणि कापलेलं कुठं ठेवलंय? घरी?"

"नाल्यात टाकलं."

"काकू, सकाळपासून मी इतकी वावरं पाहिली. पंचनाम्याच्या दिवशी पीक नाल्यात फेकणारं कोणी भेटलं नाही मला. चांगलं निघालं असेल ते घरी नेलं, असं सांगा ना सरळ. आम्ही काय खाऊन टाकणार आहे का?"

"घर पाहून घ्या सायेब. आताच चला. सडलेलं होतं, दाना नव्हता त्याच्यात."

तानाबाई धुऱ्यावरून बोलली, "खरं सांगून राह्यली सायेब ते. लय साफसुफीवाली हाय."

"मावशी, तुमचं झालं ना? तुम्ही जा."

ऋचा मॅडम खाली उतरायला निघाल्या होत्या. दहा-बारा पावलांवर त्यांचा बूट चिखलात अडकला, त्यांनी हातानं ओढून काढला. तिथूनच त्यांनी मोबाईल वर धरला. फोटोत काय आलं ते त्यांनी स्वतः पाहिलं, मग परत येऊन तलाठ्यांना दाखवलं. पुढे स्वच्छ काळी जमीन, मागे हिरवंगार.

"गवताखाली असेल सर," त्या म्हणाल्या. "झोपलेलं आहे."

"गवताचा पंचनामा करता येत नाही, मॅडम. वरती जाऊन कोण उत्तर देईल, तुम्ही की मी? अर्धं काढून नेलेलं, अर्धं हिरवं. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असलं तरच अनुदान, तेवढं बसत नाही हे." त्यांनी लिहिलं.

जलालला तेव्हा समजलं. त्यानं थर्मासचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "चाय घ्या सायेब."

"नको हो, अजून पुष्कळ राहिलंय," म्हणून तलाठी गाडीत बसले. ऋचा मॅडमनी कप घेतला. उभ्या उभ्या, खाली मान घालून, चटके सोसत भरभर प्याल्या आणि कप परत देताना त्यांनी जैबुनबीच्या हाताकडे पाहिलं. मनगटापर्यंत काळा हिरवा डाग चढला होता. गाडीचा हॉर्न वाजला.

शाहिद पुढच्या सोमवारी, गॅरेजच्या सुट्टीला, आला तो पेटूनच. "म्या सांगतलं होतं ना? सांगतलं होतं ना अम्मी? अख्ख्या गावानं ठेवलं, अन् तुमीच कसं कापलं? कायले कापलं?"

जैबुनबी कणीक मळत होती. ती मळतच राहिली.

"म्याच सांगतलं तिले कापाले," जलाल म्हणाला. "तिले नोको बोलू."

जैबुनबीनं मान वर केली. जलाल तिच्याकडे बघत नव्हता. शाहिदनं चपला घातल्या आणि तहसिलीत अर्ज द्यायला निघून गेला. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, फेरतपासणीसाठी कोणी आलं नाही. यायला काही उरलंही नव्हतं. तोवर गवत कमरेला लागलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर गावात अनुदानाच्या मेसेजनं मोबाईल वाजायला लागले. दुकानापुढे लोक एकमेकांना स्क्रीन दाखवत उभे राहायचे. तेवढ्या पैशानं कोणाचं काही भलं होणार नव्हतं, पण बी येणार होतं, ट्रॅक्टर लागणार होता. तानाबाई त्या दोन दिवसांत जैबुनबीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली तर मोबाईल घरी ठेवून आली. "आलं का?" असं जैबुनबीनंच विचारलं. तानाबाईनं मान डोलावली आणि "उगी कायचं व," असं काही तरी पुटपुटत ओट्याची कड नखानं खरवडत राहिली.

बाबूसिंग आला तेव्हा जलालनं त्याला खाटेवर बसवलं. बाबूसिंग माणूस वाईट नव्हता, त्याला बोलायला जड जात होतं. शेवटी जलालनंच विषय काढला, "एक सालच, बाबूसिंग."

"एकच साल, जलालभाई. पुढच्या मिरगात तुमचं वावर तुमाले वापस. माह्या जबानीवर." मग तो जैबुनबीकडे वळला. "अन् भाभी, कामाले तुमीच येजा. तुमच्यासारखा हात या गावात नाई."

तो मनापासून चांगलं बोलला होता. जैबुनबीनं "येईन" म्हटलं. तिला त्याचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही. काहीच आलं नाही. ती उठून चहा ठेवायला आत गेली.

पेरणीआधी खालचं अंग साफ करायचं होतं. गवत कापायचं, सडलेलं सोयाबीन उपसून टाकायचं, धसकटं वेचायची. सकाळी पाच बाया रस्त्यावर जमल्या, त्यात तानाबाई आणि जैबुनबी. बाबूसिंगला यायला उशीर झाला. बाया आत शिरून धुऱ्यावर टेकल्या. जैबुनबी रस्त्यावरच उभी राहिली. मालक आल्याशिवाय कामाला लागायचं नसतं, हे मजुरीच्या कामातून तिला ठाऊक होतं, पण कुठं बसायचं ते तिला कळेना.

बाबूसिंग आला, "लागा," म्हणाला आणि बाया लागल्या. जैबुनबीनं मधली पात धरली. जमीन तिच्या ओळखीची होती. कुठं दगड आहे, कुठं पाय रुततो, कुठं दलदल आहे ते तळव्याला माहीत होतं. ती इतरांच्या पुढे निघाली. गवत कापून बाजूला केलं की खाली सोयाबीन सापडायचं, चपटं झालेलं, काळं, पण पीक म्हणून ओळखू येईल असं. तिनं त्यातलं एक झाड उचलून क्षणभर हातात धरलं. मग ढिगावर टाकलं.

"भाभी, धुऱ्याचं राहू द्या," बाबूसिंगनं लांबून सांगितलं. "तेवढं नाई करत आपन."

ती धुऱ्यावरून मागे सरली.

दुपारी जलाल डबा घेऊन आला. इतकी वर्षं तो डबा घेऊन सरळ वावरात यायचा, बोरीच्या सावलीत बसून तिला हाक मारायचा. आज तो रस्त्यावर थांबला. चपला सारख्या केल्या. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"या ना भाऊ, काऊन उभे राह्यले?" तानाबाई ओरडली.

जलालनं बाबूसिंगच्या दिशेनं पाहिलं. बाबूसिंग पार खाली, ट्रॅक्टरवाल्याशी बोलण्यात गुंतला होता. "त्याले कामात काऊन हाक माराची," जलाल म्हणाला. "म्या इथंच बसतो."

आणि तो रस्त्याच्या कडेला, धुळीतच बसला.

जैबुनबी उभी राहिली. पदरानं हात पुसले. चार पावलं टाकून ती बाबूसिंगला ऐकू जाईल इतपत पुढे गेली.

"बाबूसिंगभाऊ," तिनं विचारलं, "भाकर खाऊन घेऊ का?"

बाबूसिंगनं वळून पाहिलं. त्याची मान खाली गेली. "खा ना भाभी. इचारता कायले."

ती वावरातून रस्त्यावर आली, जलालच्या समोर बसली. त्यानं डबा उघडला, भाकरी मोडून तिच्या हातात दिली, वर वांग्याची भाजी ठेवली. शेजारून एसटी गेली आणि दोघांनी डब्यावर हात धरला. धूळ बसल्यावर तिनं घास तोंडात घातला, आणि पाऊस लागल्यापासून जे आलं नव्हतं ते रडू तिला तेव्हा आलं. तोंडात घास होता. तिनं तो आधी नीट चावून गिळला.